घरातलं चित्र संग्रहालयाला देताना: सरकारी हमी, विमा आणि करारातली कलमं

गोव्यातल्या जुन्या घरांत काय काय दडलंय याची धड यादी कुणाकडेच नाही. राजांगणाच्या भिंतीवर पणजोबांचं तैलचित्र, देवघरात कोरीव मखर, पेटाऱ्यात सचित्र पोथी. एखाद्या घरी आंजेलो द फोन्सेकांचं जलरंगातलं चित्र, कुठे आंतोनियो शाव्हियेर त्रिंदादांनी रंगवलेलं व्यक्तिचित्र. आणि मग एक दिवस पत्र येतं: प्रदर्शन भरवतोय, सहा महिन्यांसाठी वस्तू द्याल का? पत्राच्या शेवटी एक ओळ हमखास असते, ‘वस्तूची संपूर्ण जबाबदारी संस्थेची राहील.’

या ओळीवर विसंबून वस्तू देऊ नका. जबाबदारी म्हणजे किती रुपयांची, कुठपासून कुठपर्यंत आणि कुणाच्या सहीची, हे कागदावर आलं तरच तिला किंमत. वस्तू द्यावी, असंच माझं मत आहे. कपाटात वाळवीच्या तोंडी देण्यापेक्षा लोकांनी पाहिलेली बरी. फक्त ती देण्याआधीचं काम नीट करायचं. ते पुढे क्रमाने मांडतो.

आधी समजून घ्या: सरकारी हमी म्हणजे काय

मोठ्या प्रदर्शनात शे-दीडशे कलाकृती बाहेरून आलेल्या असतात. प्रत्येकीचा बाजारात विमा काढायचा तर प्रीमियमच इतका होतो की संग्रहालयाचं कंबरडं मोडेल. म्हणून काही देशांच्या सरकारांनी वेगळी वाट काढली. सरकार म्हणतं, प्रीमियम नको. वस्तू हरवली किंवा खराब झाली तर भरपाई आम्ही देऊ. नुकसान झालं नाही तर सरकारचा पैसाही जात नाही. यालाच इंडेम्निटी म्हणतात. विमा कंपनीच्या जागी सरकारी तिजोरी उभी राहते, एवढंच.

ब्रिटनमध्ये ही सोय ‘नॅशनल हेरिटेज ॲक्ट, १९८०’च्या कलम १६ खाली आहे आणि तिचं रोजचं काम आर्ट्स कौन्सिल इंग्लंड पाहते. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने अशीच योजना आली. ब्रिटनच्या योजनेचा तपशील आपल्याला करार लिहिताना फार कामाचा आहे, म्हणून थोडा सांगतो. खासगी मालकाने सार्वजनिक संग्रहालयाला दिलेली वस्तूही तिच्यात बसते. किंमत आधी ठरवून मान्य केलेली असते. वस्तू पूर्ण गेली तर ती रक्कम; मोडतोड झाली तर दुरुस्तीचा खर्च आणि दुरुस्तीनंतरही किंमत जेवढी उतरली तेवढी भरपाई. नुकसानीचा पहिला छोटा हिस्सा वस्तू घेणाऱ्या संग्रहालयाने स्वतः सोसायचा असतो. काही गोष्टी मात्र हमीबाहेर आहेत: युद्ध, मालकाचा स्वतःचा निष्काळजीपणा, वस्तूत आधीपासून असलेला दोष, मालकाच्या संमतीने केलेलं दुरुस्तीकाम, आणि तिसऱ्याच माणसाने ‘ही वस्तू माझी’ म्हणून केलेला दावा. दहशतवादी हल्ला, दंगल मात्र हमीच्या आत.

आपल्याकडे खासगी मालकाला आपोआप लागू होणारी अशी कायद्याने उभी केलेली योजना नाही. त्यामुळे गोव्यात तुमच्यासमोर तीनच गोष्टी येऊ शकतात. सरकारी संग्रहालय किंवा खातं करारात भरपाईचं कलम लिहून देतं; संस्था बाजारातून विमा काढते; किंवा नुसतं गोड बोलणं होतं. गोवा राज्य संग्रहालय हे सरकारी, जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व संग्रहालय केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं. तिथेच सांता मोनिकाच्या वास्तूतलं ख्रिस्ती कला संग्रहालय, बाणावलीचं गोवा चित्र संग्रहालय, पणजीत आल्तिनोवरचं सुनापरांत कलाकेंद्र यांचं प्रशासन वेगळं. डिसेंबरात पणजीत भरणाऱ्या सेरेंडिपिटीसारख्या कला महोत्सवाचं आणखी वेगळं. कुणाशी करार करताय यावर पुढचं सगळं ठरतं, म्हणून पहिल्याच पत्राला उत्तर देताना विचारा: करार कोण करणार, विमा कोण काढणार?

पहिलं काम: मालक कोण, हे घरातल्या घरात ठरवा

बाकी राज्यांतले मार्गदर्शक लेख या मुद्द्यावरून दोन ओळींत पुढे सरकतात. गोव्यात तसं चालत नाही. इथला वारसा पोर्तुगीज दिवाणी संहितेच्या मुशीतला. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, माहेरून-सासरून वारशाने आलेलीसुद्धा. आजोबा गेले, इन्व्हेंटरी (मागे राहिलेल्या मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करायची कायदेशीर प्रक्रिया) झालीच नाही, चार भावंडांतली दोन मुंबईला, एक लिस्बनला आणि घर सांभाळणारा एकटा भाऊ इथे, हे चित्र काही दुर्मीळ नाही. अशा घरातलं चित्र ‘माझं’ म्हणून एकट्या भावाने सही करून दिलं आणि ते जळालं, तर भरपाईचा चेक कुणाच्या नावे? विमा कंपनी मालकीचा पुरावा मागणार, लिस्बनची बहीण वकिलाची नोटीस पाठवणार आणि चेक टेबलावर पडून राहणार. शिवाय वर पाहिलंच, मालकीचा वाद असेल तर हमी देणारं सरकारही हात वर करतं.

म्हणून वाटणी झाली असेल तर इन्व्हेंटरीच्या कागदपत्रांत ती वस्तू कुणाच्या हिश्श्याला आली ते पाहा. गोव्याचा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाहीचा कायदा २०१६ पासून लागू आहे, जुन्या इन्व्हेंटरी त्याआधीच्या पद्धतीने झालेल्या असतात. दोन्हींत जंगम वस्तूंची यादी असू शकते. यादीत ‘एक चित्र, जुने’ एवढंच लिहिलं असलं तरी धरून ठेवा. वाटणी झाली नसेल तर सगळ्या वारसांचं, त्यांच्या नवरा-बायकांसह, संमतीपत्र नोटरीकडून करून घ्या आणि त्यात एकाला सही करायचा, वस्तू परत घ्यायचा आणि भरपाई स्वीकारायचा अधिकार द्या. चवथीला सगळी मंडळी घरी येतात. हा विषय काढायला तेवढा मुहूर्त पुरतो, फक्त आरतीनंतर काढा.

देवळातली वस्तू असेल तर हात आखडता घ्या. तरंग, पालखी, चांदीची प्रभावळ, जुने कोरीव खांब ही देवस्थानची मालमत्ता आणि देवस्थानं १९३३ च्या महाजनी नियमावलीने बांधलेली. एक महाजन, म्हणजे देवस्थानचा हक्काचा सभासद, मग तो अध्यक्ष का असेना, स्वतःच्या सहीने ती देऊ शकत नाही. समितीचा ठराव हवा आणि प्रशासक म्हणून मामलेदारांकडेही जावं लागतं. चर्चच्या वस्तूसाठी तसाच रस्ता आर्चडायोसिसमधून, म्हणजे आर्चबिशपांच्या कारभारातून जातो.

दुसरं काम: वस्तू कोणत्या कायद्याखाली येते

‘पुरावस्तू आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२’ हा कायदा १९७६ पासून अमलात आहे. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी चित्रं, शिल्पं, नाणी, कारागिरीच्या वस्तू या पुरावस्तू. हस्तलिखितांना ती अट पंच्याहत्तर वर्षांची. यांतल्या ठरावीक प्रकारांची, म्हणजे मुख्यतः शिल्पं, चित्रं आणि सचित्र हस्तलिखितं यांची, नोंदणी सक्तीची आहे. पुष्कळ घरांत ती झालेलीच नसते. संग्रहालयाला वस्तू देताना हा प्रश्न निघणारच, तेव्हा तो आधीच सोडवा. पुरातत्त्व खात्यात जाऊन आपल्या भागाचा नोंदणी अधिकारी कोण ते विचारा, फोटोंसह अर्ज करा.

नोंदणी झालेली असेल तर आणखी एक गोष्ट लोक विसरतात. कलम १७ प्रमाणे मालकीच नव्हे, नुसता ताबा दुसऱ्याकडे गेला तरी नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. सहा महिन्यांसाठी वस्तू देणं म्हणजे ताबा देणंच. एक पत्र, पोच घेतलेलं, फाइलला लावून ठेवा.

या कायद्याने परदेशी नेण्यावर कडक बंधनं आहेत. रवि वर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, रवींद्रनाथ ठाकूर अशा काही चित्रकारांची कामं शंभर वर्षांची नसली तरी बहुमूल्य कलाकृती म्हणून त्यांनाही तीच बंधनं. करारात ‘प्रदर्शन पुढे लिस्बनला जाईल’ असं वाक्य दिसलं तर तिथेच थांबा.

हस्तिदंताच्या मूर्ती गोव्यातल्या घरांत आणि चॅपेलांत बऱ्याच. त्यांना वन्यजीव कायद्याखालचा मालकी दाखला लागतो. तो हातात नसेल तर वस्तू उंबऱ्याबाहेर काढण्याआधी वकील गाठा, संग्रहालय कितीही नामांकित असो.

कॉपीराइटचंही इथेच पाहून घ्या. चित्र तुमचं असलं तरी त्याची छायाचित्रं छापायचा हक्क बहुधा तुमचा नसतो. चित्रकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं तो त्याच्या वारसांकडे राहतो. त्रिंदाद १९३५ साली गेले, त्यांची चित्रं केव्हाच मोकळी झाली. फोन्सेका १९६७ साली गेले, म्हणजे २०२७ संपेपर्यंत हक्क शाबूत. चित्रकार एफ. एन. सोझा तर २००२ साली गेले. पोस्टरवर, मगवर, पिशवीवर चित्र छापायची परवानगी तुमच्याकडे मागितली गेली तर ‘वस्तूचा मालक म्हणून माझी हरकत नाही, कॉपीराइटचं तुम्ही पाहा’ एवढंच लिहून द्या.

तिसरं काम: किंमत

भरपाईचा सगळा खेळ या आकड्यावर, आणि नेमका इथेच आपल्या लोकांचा हात आखडतो. किंमत जास्त लिहिली तर आयकरवाले येतील, ही भीती. वस्तू उसनी देणं म्हणजे विकणं नव्हे, त्याने कर लागत नाही. मात्र आयकराच्या हिशेबात चित्रं-शिल्पं घरगुती वापराच्या वस्तूंत मोडत नाहीत, भांडवली मालमत्ता धरली जातात. त्यामुळे पुढे विमा मिळाला तर त्यावर कर बसू शकतो. ते तेव्हाचं तेव्हा सीएला विचारा. आज त्या धास्तीने वीस लाखांचं चित्र दोन लाखांचं करू नका.

उलट चूकही होते. सोझा किंवा गायतोंडे अशा बड्या चित्रकारांच्या लिलावाच्या बातम्या वाचून घरातलं छोटं रेखाटन कोटीत मोजलं जातं. गायतोंडेंचं एक चित्र २०२१ साली ३९.९८ कोटींना गेलं हे खरं. पण लिलावात किंमत ठरते ती त्या विशिष्ट चित्राच्या काळावर, आकारावर, स्थितीवर आणि ते कुठून कुठे आलं याच्या पुराव्यावर. त्या क्षेत्रातला व्हॅल्युअर किंवा लिलावगृहाचा तज्ज्ञ यांच्याकडून लेखी मूल्यांकन घ्या. त्यावर तारीख हवी आणि ती जुनी नको. पणजोबांच्या तैलचित्राला कदाचित बाजारच नसेल. अशा वेळी ‘तसंच पुन्हा मिळणं अशक्य’ हे लिहून, त्या काळातल्या तशा कामांच्या किमतीवरून आकडा ठरवतात.

करारात आणि पॉलिसीत ‘मान्य मूल्य’, म्हणजे दोन्ही बाजूंनी आधीच ठरवलेली किंमत, हे शब्द यायलाच हवेत. ते नसले की नुकसान झाल्यावर विम्याचं नुकसान मोजणारा सर्व्हेअर येतो, त्याच्या मते त्या दिवशीचा बाजारभाव काढतो आणि वर कमी विम्याचा नियम लावतो. समजा, वीस लाखांच्या चित्राचा विमा दहा लाखांचा काढलाय आणि नुकसान चार लाखांचं झालं, तर हातात दोनच लाख येतात. निम्मा विमा, निम्मी भरपाई.

चौथं काम: कंडिशन रिपोर्ट, आणि तो तुमच्या घरीच

कंडिशन रिपोर्ट म्हणजे वस्तू आज कोणत्या अवस्थेत आहे याची लेखी नोंद. माझ्या मते या सगळ्या प्रपंचात सर्वांत महत्त्वाचा कागद हाच. करार कितीही भक्कम असो, ‘ही चीर आधीपासूनच होती’ या एका वाक्यापुढे तो लुळा पडतो. आधीचा दोष कुठलाच विमा आणि कुठलीच सरकारी हमी भरून देत नाही.

रिपोर्ट संग्रहालयात पोचल्यावर नव्हे, वस्तू भिंतीवरून काढतानाच व्हायला हवा. सकाळच्या उजेडात चित्र खिडकीपाशी टेबलावर ठेवा. आधी समोरून, मग बॅटरी बाजूने जवळजवळ आडवी धरून पाहा. समोरून सपाट दिसणाऱ्या रंगात आडव्या उजेडात उचललेली पापुद्री, कॅनव्हासचे फुगवटे, जुन्या दुरुस्तीचे ठिगळ सगळे उठून दिसतात. मग चित्र उलटं करून मागची बाजू: लाकडी चौकटीला कीड लागली आहे का, खिळे गंजलेत का, जुन्या दुकानाची चिठ्ठी किंवा कुणाची सही आहे का. तिचाही फोटो काढा, मालकीचा तो एक पुरावा असतो.

नोंद अशी लिहा की ती वाचून परक्या माणसाला जागा बोटाने दाखवता आली पाहिजे. ‘खालच्या बाजूला थोडं खराब’ ही नोंद फुकट. त्याऐवजी: ‘डाव्या खालच्या कोपऱ्यापासून वर ४ सें.मी., आत ७ सें.मी., २ सें.मी. लांब आडवी चीर, रंग उचललेला नाही, कडा काळपट, म्हणजे जुनी.’ किंवा: ‘उजव्या वरच्या चतुर्थांशात पांढरट बुरशीचे ठिपके, सर्वांत मोठा ३ मि.मी., ओला नाही.’ प्रत्येक नोंदीला क्रमांक द्या, तोच क्रमांक फोटोवर खूण करून लिहा आणि फोटोत मोजपट्टी दिसू द्या. कोरीव लाकडी वस्तूत सांधे हलतात का ते हात न लावता पाहा, सुटलेले तुकडे मोजून लिहा. दोन प्रती करा, दोन्हींवर संग्रहालयाच्या माणसाची आणि तुमची सही, तारीख, वेळ. फोटोंच्या प्रिंटवरसुद्धा सह्या घ्या, मोबाइलमधले फोटो वादात हरवतात.

आणि काही लपवू नका. भारतीय करार कायद्याच्या कलम १५० प्रमाणे वस्तू देणाऱ्याला ठाऊक असलेला दोष त्याने सांगायलाच हवा. चौकटीत वाळवी आहे हे माहीत असून सांगितलं नाही आणि ती शेजारच्या चित्रात गेली, तर नुकसानीचं बिल तुमच्या दारी येईल.

पाचवं काम: हवा आणि उजेड

संग्रहालयं अभिमानाने सांगतात, आमच्याकडे चोवीस तास एसी. गोव्यातल्या लाकडासाठी ही नेहमीच चांगली बातमी नसते. नदीकाठच्या घरात शंभर पावसाळे पाहिलेलं फणसाचं किंवा सागवानी कोरीव काम दमट हवेला सरावलेलं असतं. ते एकदम कोरड्या, थंड दालनात नेलं की लाकूड आकसतं आणि वरचा रंग, सोन्याचा मुलामा त्याच वेगाने आकसत नाही. मग पापुद्रे सुटतात, सांध्यांत फटी पडतात. घरी परतल्यावर पावसात पुन्हा फुगतं. अशा नुकसानीला पॉलिसी ‘हळूहळू होणारी झीज’ किंवा ‘वस्तूचा मूळ स्वभावदोष’ म्हणते आणि एक पैसा देत नाही.

म्हणून ही गोष्ट विम्यावर सोडू नका, करारात अट घाला. जगातली मोठी संग्रहालयं आता सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्के, तापमान १६ ते २५ अंश आणि चोवीस तासांत आर्द्रतेत १० टक्क्यांहून जास्त चढउतार नाही, अशी मर्यादा बहुतेक वस्तूंना पुरेशी मानतात. तुमच्या लाकडाला आकड्यापेक्षा सावकाश बदल महत्त्वाचा. दालनात नेण्याआधी वस्तू काही आठवडे मधल्या हवेच्या खोलीत ठेवायची, आर्द्रता टप्प्याटप्प्याने उतरवायची, एसी रात्री बंद करायचा नाही आणि नोंदीचा डेटा महिन्याला मालकाला पाठवायचा, एवढं लिहून घ्या. खर्च वाचवायला रात्री एसी बंद करणाऱ्या जागा आहेत. दिवसा ५० आणि रात्री ८५ टक्के हा झोका लाकडाचा जीव घेतो.

उजेडाची अट सोपी, तो लक्स या एककात मोजतात. जलरंग, कागद, कापड यांना ५० लक्स, तैलचित्राला २०० लक्सच्या आत. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही आणि तीही ‘हळूहळू झीज’च, म्हणजे भरपाई नाही. फोन्सेकांच्या जलरंगासारखं काम असेल तर सलग तीन-चार महिन्यांपेक्षा जास्त टांगू देऊ नका, प्रदर्शन वर्षभराचं असलं तरी.

सहावं काम: करार

करार कायद्याच्या भाषेत हा निक्षेप, म्हणजे दुसऱ्याची वस्तू परत करायच्या बोलीवर ताब्यात घेणं. कलम १५१ प्रमाणे घेणाऱ्याने सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घ्यायची. आणि कलम १५२ सांगतं, तेवढी काळजी घेऊनही वस्तू गेली, तर वेगळा करार नसल्यास तो जबाबदार नाही. म्हणजे पत्रातल्या त्या गोड ओळीवर विसंबलात, आग शेजारच्या इमारतीतून आली, तर तुमच्या हाती काहीच नाही. म्हणून करारात स्पष्ट हवं: ‘निष्काळजीपणा असो वा नसो, ताब्याच्या काळातल्या कोणत्याही हानीबद्दल संस्था मान्य मूल्याप्रमाणे भरपाई देईल.’ वेगळा करार म्हणतात तो हाच.

समोर सरकारी संग्रहालय असेल तर सही कुणाची, यावर अडून बसा. राज्यघटनेच्या कलम २९९ प्रमाणे राज्य सरकारचा करार राज्यपालांच्या नावाने आणि अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या सहीनेच व्हावा लागतो. तसा नसेल तर तो सरकारवर बंधनकारक ठरत नाही. केंद्राच्या संस्थेत राज्यपालांच्या जागी राष्ट्रपती. क्युरेटर कितीही सज्जन असला तरी त्याच्या लेटरहेडवरची हमी न्यायालयात टिकेलच असं नाही. नम्रपणे विचारा: सही करणाऱ्या अधिकाऱ्याला हा अधिकार कोणत्या आदेशाने आहे, आणि भरपाईचं कलम वित्त खात्याने पाहिलंय का? उत्तर यायला वेळ लागतो. लागू द्या. शिवाय हेही माहीत असू द्या की सरकारवर दावा लावायच्या आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. एवढ्या सगळ्या अंतरामुळे माझं मत असं: सरकारी हमी आणि विमा यांत निवडायचं असेल तर गोव्यात आज विमा घ्या, हमी वरची जोड म्हणून घ्या. ब्रिटनमध्ये मी उलटं सांगितलं असतं.

करारात आणखी हवं ते थोडक्यात. मुदत आणि परतीची तारीख, मुदत वाढली तर लेखीच आणि विमाही तेवढाच वाढलेला. तुमच्या परवानगीशिवाय साफसफाई, दुरुस्ती, चौकट बदलणं, दुसऱ्या जागी हलवणं नाही. मालकाचं नाव फलकावर हवं की नको. चोरीच्या भीतीने पुष्कळजण ‘खासगी संग्रह’ एवढंच लिहायला सांगतात आणि ते योग्यच. फुकट उसनी दिलेली वस्तू मुदतीआधी परत मागता येते, कलम १५९ तसं म्हणतं. पण त्याने समोरच्याचं झालेलं नुकसान त्याला मिळालेल्या फायद्याहून जास्त असेल तर वरची रक्कम तुम्हाला भरावी लागते. तेव्हा ‘उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मन बदललं’ हे करू नका.

सातवं काम: पॉलिसी हातात घेऊन वाचा

‘विमा काढला आहे’ हे फोनवर ऐकून भागत नाही. घरच्या विम्यावरही विसंबू नका. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत घरातलं साधं सामान येतं, चित्रं आणि कलावस्तू मान्य मूल्यावर वेगळ्या जोडून घ्याव्या लागतात, आणि ती पॉलिसी तुमच्या घरापुरती.

संग्रहालयाच्या पॉलिसीची प्रत मागा आणि वस्तू निघण्याआधी पुढच्या गोष्टी शोधा. विमा खिळ्यापासून खिळ्यापर्यंत आहे का: तुमच्या भिंतीवरून उतरवल्यापासून पुन्हा त्याच भिंतीवर टांगेपर्यंत, मधला प्रवास, गोदाम, बांधणी-सोडवणी धरून? वस्तूचं नाव आणि मान्य मूल्य यादीत आहे का? भरपाईचा चेक तुमच्या नावे निघेल असं लिहिलंय का, की संग्रहालयाच्या? वजावटीची रक्कम, म्हणजे नुकसानीचा विमा कंपनी देत नाही तो पहिला हिस्सा, कोण भरणार? दहशतवाद, पूर, भूकंप आत आहेत का? पावसाळ्यात पणजीच्या सखल भागात पूर हा काही कल्पनाविलास नाही.

दोन कलमं खास मागून घ्या. एक, दुरुस्तीनंतरच्या मूल्यघटीचं. वीस लाखांचं चित्र फाटलं, साठ हजारांत सांधलं, पण आता ते चौदा लाखांचंच उरलं. भरपाई सहा लाख साठ हजार हवी, नुसते साठ हजार नव्हेत. दोन, परत विकत घ्यायच्या हक्काचं. चोरीची भरपाई मिळाल्यावर वस्तू कंपनीची होते. चार वर्षांनी पोलिसांना ती सापडली तर घेतलेली रक्कम परत करून पणजोबा घरी आणायचा पहिला हक्क तुमचा असायला हवा. जोडीच्या वस्तू, म्हणजे समयांची जोडी किंवा दोन पंखांचं मखर, यांत एक गेली तर पूर्ण जोडीची किंमत, हेही लिहून घ्या.

प्रवास आणि परतीचा दिवस

बांधणी संग्रहालयाच्या खर्चाने, त्या कामातल्या माणसांकडून. चित्राच्या पृष्ठभागाला बबलरॅप लागता कामा नये. आधी ग्लासिन, म्हणजे गुळगुळीत, न चिकटणारा पातळ कागद, मग बाकीचं. चौकटीत साधी काच असेल तर तिच्यावर टेपच्या आडव्या-उभ्या पट्ट्या मारतात, फुटली तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेल्या वस्तूला आतून घाम सुटतो आणि बुरशी धरते, म्हणून जून ते सप्टेंबर शक्यतो हलवाहलव नको. मुंबईला जायचं असेल तर चोर्ला किंवा आंबोलीचा घाट पावसात मुळीच नको. पेटी पोचली की चोवीस तास न उघडता दालनाच्या हवेत ठेवायची.

परत येते तेव्हा घरात उत्साह असतो, लोक पोचपावतीवर पटकन सही करतात आणि टेम्पो निघून जातो. तसं करू नका. पहिला कंडिशन रिपोर्ट टेबलावर घ्या, तीच बॅटरी तशीच आडवी धरा, एकेक क्रमांक तपासा. नवी खूण दिसली तर पोचपावतीवरच ‘तपासणी अपूर्ण, नवीन नुकसान दिसते, तपशील पाठवत आहे’ असं लिहून मग सही करा. फोटो काढा. बांधणीचं सामान, फुटलेला तुकडा, अगदी रंगाचा सुटलेला पापुद्राही टाकू नका. पाकिटात घालून त्यावर तारीख लिहा. त्याच दिवशी संग्रहालय आणि विमा कंपनी दोघांनाही ईमेलने कळवा, चोरी असेल तर पोलिसांत एफआयआर आणि नोंदणीकृत पुरावस्तू असेल तर नोंदणी अधिकाऱ्यालाही. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू देऊ नका, ओळखीचा फ्रेमवाला ‘दोन मिनिटांत चिकटवतो’ म्हणाला तरी. सगळं ठीक असेल तर दोन्ही रिपोर्ट, करार, पॉलिसीची प्रत आणि नोंदणी अधिकाऱ्याला ताबा परत आल्याचं पत्र एकाच फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल कुठे आहे ते घरातल्या आणखी एका माणसाला सांगा.